झाकलेली धग

६ जुलै १९७६

आज पहिल्यांदा हात मोकळा झाला. अंतराळ स्थानकावर आल्यापासून खोकी सोडणं, तारा जोडणं, पंप चालू करणं यातच वेळ जातोय. पेन्सिल दोऱ्यानं मनगटाला बांधली आहे. नाहीतर ती हातातून सुटते आणि दुसऱ्या दिवशी पंख्याच्या जाळीवर सापडते.

आम्ही दोघंच. कमांडर सावेली त्रोफिमोविच कोलोद्नी, डॉन नदीकाठचे, पन्नाशी ओलांडलेले जुने वैमानिक, याआधी दोनदा वर येऊन गेलेले. आणि मी, इन्नोकेन्ती, ज्याला कारखान्यात सगळे 'मेणवाला' म्हणतात.

पेपरात आलंय की आम्ही वरून शेतं आणि जंगलं बघतोय. खरं काम दिसेनासं होण्याचं आहे. काळा रंग फासून उजेडापासून लपता येतं, रडारलाही थोडंफार फसवता येतं. ऊब मात्र लपत नाही. बाहेर सगळीकडे मरणाचा गारठा, आणि त्यात दोन जिवंत माणसं, दिवे, पंप, यंत्रं भरलेलं हे आमचं डबडं, म्हणजे अंधाऱ्या माळावर पेटलेली शेकोटी. उष्णता बघणारा डोळा कुणाकडे असला की संपलं.

अकरा वर्षं मी याच एका गोष्टीवर घालवली. आतली ऊब बाहेर टाकणारे दोन मोठे पंख आहेत. ते झडपांनी झाकायचे, झडपा बाहेरून गार ठेवायच्या आणि तेवढा वेळ आतली ऊब मेणाच्या पेट्यांना प्यायला द्यायची. मेण वितळताना खूप ऊब पितं. मग आपल्या मुलखावर आलो की झडपा उघडायच्या, मेण पुन्हा गोठू द्यायचं.

सावेली त्रोफिमोविचना हे समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे पाहुणे आले की घरातला पसारा पलंगाखाली ढकलायचा. आणि पलंगाखालची जागा संपली की?"

"तोवर पाहुणे जातात."

"तुझ्याकडचे जात असतील. माझी सासू ऑगस्टात आली ती बर्फ पडेपर्यंत हलली नाही."

माणूस गमतीचा आहे, पण कामाला पक्का. माझ्यावर विश्वास ठेवतो की नाही, ते कळत नाही.

काल घरचे निरोप आले. जमिनीवरून आमची डॉक्टर झोया आर्काद्येव्ना वाचून दाखवते. आईचा होता, लाडाच्या नावानं: "केशेन्का, तिथं डोकं उघडं ठेवू नकोस, माझा खोकला बरा आहे, उगाच डॉक्टरला त्रास देऊ नकोस." झोया हसत होती.

८ जुलै

झालं! झडपा मिटल्या आणि बाहेरच्या कातडीचं तापमान उतरायला लागलं ते उतरतच गेलं. मी काट्याकडे बघत राहिलो, तेव्हा सावेली त्रोफिमोविचनी माझ्या तोंडात काळ्या पावाचा तुकडा कोंबला. "खा. काटा काही पळून जात नाही."

मिटण्याआधी इंजिन थोडं पेटवून आम्ही आमची वाटही बदलली होती, म्हणजे जुन्या वाटेवर कुणी वाट बघत बसला असेल तर बसू दे. आत उकडलं, पण सोसण्यासारखं. अंगातले दोन कपडे काढून ठेवले.

मुख्य रचनाकार निकानोर इल्यिच स्वतः बोलले. "शाबास, पोरांनो. मेणवाल्या, तुला मिठीच मारली असती." मी विचारलं, "डोंगरावरच्या आपल्या उष्णता बघणाऱ्या दुर्बिणीला आम्ही दिसलो का? तिचे आकडे काय म्हणतात?" ते म्हणाले, आकडे सावकाश सांगतो, अजून मांडणी चालू आहे, तू तुझं काम कर.

त्यांच्या आवाजात इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता.

९ जुलै

एक चमत्कारिक गोष्ट. झडपा मिटलेल्या, आम्ही दक्षिणेच्या महासागरावर. खाली हजारो मैल नुसतं पाणी. अचानक उघड्या लहरीवर कुणीतरी मोडक्या रशियनमध्ये बोललं, "शुभ सकाळ, सावेली. शुभ सकाळ, इन्नोकेन्ती. प्रवास सुखाचा होवो." आणि खरखर.

सावेली त्रोफिमोविच इतके हसले की त्यांना ठसका लागला. "लपलो म्हणे! अरे, वेटर ऑर्डर घ्यायला आला!"

मी त्यांना समजावलं की आमची नावं सगळ्या जगाच्या पेपरात आली आहेत, एखाद्या जहाजावरचा हौशी रेडिओवाला सारखा हाका मारत बसला असेल, एखादी लागायचीच. ते म्हणाले, "हो ना. काल वाट बदलली, तीही पेपरात आली असेल."

हा निव्वळ योगायोग आहे. दोनदा तपासून बघितलं, बाहेरची कातडी गारच होती.

१२ जुलै

घरचे निरोप. आज झोयाला सर्दी झाली असावी, मधेच थांबत होती. आईचा निरोप असा: "प्रिय इन्नोकेन्ती, घरी सर्व कुशल आहे. काळ्या बेरींचा मुरंबा करून ठेवला आहे. कर्तव्य चोख बजाव."

आईनं मला जन्मात कधी इन्नोकेन्ती म्हटलं असेल तर ते शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर. बहुतेक कचेरीतल्या कुणीतरी टाइप करताना सुधारलं असावं. आणि मुरंबा एवढ्यात? आमच्या गावी, किनेश्माला, त्या झुडपांवरचं फळ महिनाअखेरीशिवाय पिकत नाही. यंदा व्होल्गेकाठी उन्हाळा लवकर लागलेला दिसतो.

निरोप संपल्यावर सावेली त्रोफिमोविच म्हणाले की झोयाशी त्यांना हृदयाच्या तपासणीबद्दल एकट्यानं बोलायचंय. मी मागच्या भागात पेट्या बघायला गेलो. परत आलो तर ते खिडकीशी होते. मग म्हणाले, "केशा, आज तू आराम कर. पंप मी बघतो." त्यांनी मला जेवणातली स्वतःची चॉकलेटची वडीही दिली. गोड खाऊन कंटाळा आलाय म्हणाले.

१५ जुलै

पाच वेळा झाकलं, पाच वेळा उघडलं. आकडे अजून कुणी सांगत नाही.

इथं मनातलं लिहायला हरकत नाही. झडपा उघडल्या की मेण साठवलेली सगळी ऊब एकदम सोडतं, आणि पंख कधी नव्हेत इतके तापतात. म्हणजे एक फेरी आम्ही दबून बसतो आणि पुढच्या फेरीत दुप्पट पेटतो. आपल्या मुलखावर उघडतो हे ठीक, पण शत्रूचा डोळा आमच्यापेक्षा उंचावर बसलेला असेल तर त्याला आपला मुलूख काय आणि त्यांचा काय? झडपा गार ठेवायलाही एक यंत्र लागतं. ते चालतं म्हणजे तेही तापतं, आणि त्याची ऊब पुन्हा मेणालाच. लपवण्यासाठी जे जे करतो त्याचीच आणखी ऊब होते. आम्ही दोघं नुसते श्वास घेत बसलो तरी दोन मोठे दिवे जळत असल्यासारखं आहे.

हे कागदावर मला पहिल्या वर्षीच दिसलं होतं. तेव्हा वाटलं, वाट निघेल.

सावेली त्रोफिमोविचना म्हटलं, "खरं तर ऊब कुठे जातच नाही. आपण फक्त तिला थांब म्हणतो."

"आणि ती थांबते?"

"थोडा वेळ."

"मग झालं तर. माणसाला थोडाच वेळ पुरतो."

निकानोर इल्यिचनी आज नवा हुकूम दिला. सोमवारी खाली मोठा सरकारी आयोग प्रयोग बघायला येतोय. त्यासाठी झडपा सलग मिटून ठेवायच्या, ठरलं होतं त्याच्या कितीतरी पट. मी म्हणालो, मेणाला तेवढी जागा नाही. ते म्हणाले, "इन्नोकेन्ती, हे मेण तुझं आहे. तूच त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीस तर आयोगानं का ठेवावा?"

बरोबरच आहे. मी हो म्हणालो.

१८ जुलै

मेण सगळं वितळलं. आता ऊब पिणारं कुणी उरलं नाही.

इथं घाम ओघळत नाही. तो जिथल्या तिथे जाड होत जातो, पाठीवर, कपाळावर, आणि टॉवेलनं पुसला की थरथरणारा गोळा होऊन निघतो. भिंतींना हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या अंगासारख्या लागतात. विजेची ऊब टाळायला निम्मे पंखे बंद केले, तर आपलाच श्वास तोंडापुढे साचून राहतो. तो हातानं बाजूला सारावा लागतो. जेवायच्या नळीतलं बिटाचं सूप आपोआप गरम. सावेली त्रोफिमोविच म्हणाले, "बघ, एक फायदा झाला."

पण त्यांचं काहीतरी बिनसलंय. पाणी प्यायचं सोडून दिलंय त्यांनी. माझ्या पिशवीत स्वतःच्या वाट्याचं पाणी भरताना मी पाहिलं. विचारलं तर म्हणाले, "या पाण्याला चांदीची चव येते, मला नको. आमच्या डॉनकाठी तळघरात कलिंगडं ठेवायचे. नुसती सुरी टेकवली की तडकायची. तसलं काही असेल तर दे." बोलता बोलता 'सुरी' हा शब्दच त्यांना आठवेना. हातानं कापायची खूण करत राहिले आणि माझ्यावर खेकसले. मला वाटतं माझ्यावर रागावले आहेत. रागावणारच, हे सगळं माझ्या मेणापायी.

महासागरावरून शुभ सकाळ रोज येते. मी आता त्याबद्दल काही बोलत नाही.

१९ जुलै

आयोग बघून गेला. निकानोर इल्यिच म्हणाले, "उत्तम! उघडा आता."

उघडल्या नाहीत.

मोटार घरघरते, दांडा हलत नाही. दोन्ही झडपा तशाच. पॅनेल काढून आत हात घातला आणि लक्षात आलं. मेण वितळलं की फुगतं. तेवढी जागा मी पेट्यांत सोडली होती, पण पूर्ण वितळून वर आणखी तापेल, हा हिशेब नव्हता, कारण इतका वेळ झाकायचं ठरलंच नव्हतं. पेट्या फुगून त्यांची बाजू झडपांच्या दांड्यांवर येऊन बसली आहे. माझ्याच पेट्या. लाथा मारल्या, पहारीनं रेटल्या. हाताची साल निघाली, पेटी हलली नाही.

सावेली त्रोफिमोविच मागून बघत होते. "फुगलं?"

"फुगलं."

"आमच्याकडे पावाची कणीक अशी फुगली की बाया खूश होतात," असं म्हणून त्यांनी माझ्या सोललेल्या हाताला तेल लावलं. मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "गप रे. दिवे बंद कर."

अंधारात लिहितोय. खिडकीतून पृथ्वीचा उजेड येतो तेवढाच.

२० जुलै

आम्ही खाली उतरायची परवानगी मागितली. उतरण्याचे आकडे खालूनच यायला लागतात, त्याशिवाय स्थानकाला जोडलेलं आमचं परतीचं यान सोडता येत नाही.

निकानोर इल्यिच म्हणाले, उतरायच्या जागी वादळ आहे, दोन दिवस धीर धरा. तासाभरानं आम्ही त्याच गवताळ प्रदेशावरून गेलो. मला तरी एकही ढग दिसला नाही, पण वरून वारा थोडाच दिसतो? सावेली त्रोफिमोविच खिडकीला नाक लावून म्हणाले, "छान वादळ आहे. मेंढ्यासुद्धा मोजता येतील."

मग त्यांनीच माइक घेतला. "निकानोर, खरं बोल. आयोग गेला ना? मग कशाला थांबवतोस?"

निकानोर इल्यिच हळू आवाजात म्हणाले, "आयोग कागद करतोय, सावेली. तू मधेच उतरलास तर प्रयोग अर्धवट राहिला असं लिहितील. नऊशे माणसं आहेत माझ्याकडे. समजून घे."

"वर दोन आहेत," असं म्हणून सावेली त्रोफिमोविचनी माइक भिंतीवर चिकटवला.

माझं मन मात्र निकानोर इल्यिचना दोष देत नाही. त्यांनी मला कॉलेजातून उचलून आणलं, घर दिलं. काहीतरी कारण असल्याशिवाय ते असं करणार नाहीत.

ऊब वाढतेच आहे. दुपारपासून डोळ्यांपुढे पिवळं दिसतं. सावेली त्रोफिमोविचचे ओठ फाटले आहेत, आणि अंग कोरडं पडलंय. त्यांना घामच येत नाही. मला हेवा वाटला, यांना उकाडा सोसवतो म्हणून.

२१ जुलै

आजचं सगळं लिहून ठेवतो, कारण आज माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस आहे.

सकाळी सावेली त्रोफिमोविच म्हणाले, "बाहेर जातो आणि झडप उपटतो." बाहेरच्या बाजूनं दांड्याची खीळ काढली तर झडप मोकळी होईल, हे मीच त्यांना आकृती काढून दाखवलं होतं. मी म्हणालो, मी जातो, यंत्र माझं आहे.

"तुला पाठवलं तर तू मेणाशी गप्पा मारत बसशील. आणि बाहेरच्या पोशाखात अंगाभोवती गार पाण्याच्या नळ्या असतात, विसरलास? घरातली सगळ्यात गार जागा कमांडरची. नियम आहे."

जमिनीला विचारलं नाही. पोशाख चढवताना गळपट्टीचा चाप त्यांना जमेना, तो मला लावावा लागला. पाणी सुरू केलं तसे त्यांनी डोळे मिटले. "आहाहा. केशा, हे तळघर आहे रे. अगदी तळघर."

मी दुसऱ्या भागात बसून त्यांचा श्वास कानात ऐकत होतो. मोठमोठे, शिट्टीसारखे श्वास. मधे ते कुणाशीतरी बोलायला लागले, ग्लाफिरा, दार लाव, मांजर आत येईल. ग्लाफिरा म्हणजे त्यांच्या पत्नी. मी ओरडलो, "सावेली त्रोफिमोविच!" ते म्हणाले, "ऐकतोय, ऐकतोय. ओरडू नकोस, लोक झोपलेत."

मग भिंतीतून धप्प असा हादरा आला. पुन्हा एक. खीळ निघाली. त्यांनी झडप पूर्ण मागे ढकलली आणि पहारीनं तिचा बिजागर असा काही वाकवला की आता ती पुन्हा मिटणं शक्य नाही. मी म्हणालो, एवढं कशाला, बिजागर वाया गेला! ते म्हणाले, "जोर जास्त लागला रे. म्हातारा झालो." दुसऱ्या झडपेचंही तेच केलं.

आणि काटा उतरायला लागला! पंख आता इतके तापले असतील की जगातला प्रत्येक डोळा आमच्याकडे बघत असेल. बघू दे. मी पंख्यासमोर उघडा होऊन रडलो.

ते आत आले तेव्हा उभं राहायलाही— इथं उभं राहणं नसतंच, पण तसंच काहीसं झालं. पोशाखातून मी त्यांना ओढून काढलं. चेहरा लालबुंद, डोळे माझ्याकडे होते पण बघत नव्हते. पाणी दिलं, बरंचसं बाहेरच गेलं. हसून म्हणाले, "आता मस्त वाटतंय. जरा पडतो." झोपायच्या पिशवीत मीच त्यांना बांधलं.

संध्याकाळपासून शांत झोपले आहेत. आधी घोरत होते, तेही थांबलं. इतक्या दिवसांत त्यांना अशी झोप मी पाहिली नव्हती. जेवायला उठवावं म्हणून गेलो होतो, पण मन झालं नाही. हात हातात घेऊन बघितला. गार आहे. ताप उतरला एकदाचा.

त्यांना झोपू देतो. पंपाकडे मी बघेन.

२२ जुलै

झोपलेले नव्हते.

२३ जुलै

जमिनीला सांगितलं. झोया रडत असल्यासारखं वाटलं, मग तिच्या जागी दुसराच आवाज आला. निकानोर इल्यिच म्हणाले, "ही गोष्ट पुन्हा रेडिओवर उच्चारायची नाही. परके कान आहेत. विचारलं तर कमांडर विश्रांती घेतोय म्हण."

"कोण विचारणार आहे?"

"इन्नोकेन्ती. मी सांगतो तसं म्हण."

दुपारी ठरलेलं प्रसारण होतं, म्हणजे शाळेतल्या मुलांना शुभेच्छा. मी एकटाच कॅमेऱ्यासमोर बसलो. म्हणालो, कमांडर विश्रांती घेत आहेत, त्यांनीही तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. अडखळलो नाही. नंतर मलाच याचं आश्चर्य वाटलं.

उतरायचे आकडे आज लगेच आले. वादळ निवळलं म्हणे. निघण्याआधी झडपा मिटून घे, असंही सांगितलं, म्हणजे स्थानक सोडताना कुणाला कळणार नाही. मी कळवलं की त्या आता मिटत नाहीत, बिजागर वाकले आहेत. त्यांनी विचारलं, कसे वाकले? मी म्हणालो, कमांडरकडून जोर जास्त लागला.

सावेली त्रोफिमोविचना यानात आणून त्यांच्या आसनावर बसवलं. पट्टे आवळले. त्यांचे पाय नीट ठेवताना मी सवयीनं विचारलं, "घट्ट तर नाही ना झालं?"

२ ऑगस्ट, रुग्णालय

उतरून आठवड्याहून जास्त झालं. पाय पुन्हा अंगाचा भार घ्यायला लागले आहेत. खिडकीबाहेर पॉपलरची झाडं. त्यांची पानं वाऱ्यानं हलतात, हे नुसतं बघत बसतो.

आई अकरा जुलैलाच गेली. न्यूमोनिया. त्यानंतरचे निरोप कचेरीत लिहिले जात होते. सगळ्यांना माहीत होतं. सावेली त्रोफिमोविचनाही, त्या बारा तारखेपासून. हे मला नर्सनं सांगितलं, तिला वाटलं मला ठाऊक असेल.

आज निकानोर इल्यिच आले. संत्री आणली होती. खुर्ची ओढून जवळ बसले, माझा हात धरून ठेवला. ते वाळले आहेत. मी तोच प्रश्न विचारला जो पहिल्यांदा झाकलं त्या दिवशी विचारला होता. डोंगरावरच्या दुर्बिणीला आम्ही दिसलो का?

ते संत्रं सोलत राहिले. "दिसलात."

"कधी?"

"कायम. पहिल्या मिनिटापासून. एकदाही हरवला नाहीत. झडपेच्या कडेनं, सांध्यांतून, उन्हानं तापलेल्या बाजूनं... काहीतरी दिसायचंच."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू झाकणं थांबवलं असतंस." त्यांनी एक फोड माझ्या हातात ठेवली. "आयोगानं 'उष्णतेत घट' असं लिहिलंय, आणि ते खोटं नाही. पुढचं स्थानक मंजूर झालं, केशा. मोठं. मेणाचा विभाग तुझा. उपमुख्याची जागा आहे."

मी फोडीकडे बघत राहिलो. त्यांना वाटलं मी विचार करतोय. खरं सांगायचं तर मी करतच होतो. पेटी आणि दांडा यांच्यात बोटभर जागा जास्त सोडली असती, तर? आणि पेटीला घड्या घातलेलं लवचिक तोंड ठेवलं असतं, तर? नर्सकडून कागद मागून घेतला. निकानोर इल्यिच माझ्या खांद्यावरून बघत होते, आणि मी त्यांना दाखवतही होतो.

ते गेल्यावर लक्षात आलं की हातातली फोड तशीच राहिली आहे.

९ ऑगस्ट

सावेली त्रोफिमोविचच्या पत्नी, ग्लाफिरा सेम्योनोव्ना भेटायला आल्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, काळा रुमाल डोक्याला. सोबत एक तरुण अधिकारी होता, तो दाराशी उभा राहिला. त्यांना सांगितलंय की झोपेत हृदय बंद पडलं. मी काय बोलायचं तेही मला काल सांगून ठेवलं होतं.

त्यांनी पिशवीतून उकडलेली अंडी, काकड्या, घरचा पाव काढून माझ्या टेबलावर मांडला. "खा. हाडं दिसतात तुझी." मी खाल्लं. त्या बघत बसल्या.

"त्रास झाला का रे त्यांना?"

"नाही, ग्लाफिरा सेम्योनोव्ना. झोपेतच."

"माझं नाव काढलं?"

"काढलं. म्हणाले, ग्लाफिरा, दार लाव, मांजर आत येईल."

त्या हसल्या आणि तोंडाला रुमाल लावला. "ते मांजर! सारखं चुलीवर चढायचं." मग थोड्या वेळानं, डोळे पुसून झाल्यावर, माझ्याकडे वाकल्या. दाराशी उभ्या असलेल्या पोराला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "केशा, मला एकच सांग. त्यांचे पाय नेहमी गार असायचे. लग्न झाल्यापासून मी ते माझ्या पायांत धरून झोपायची. यावेळी लोकरीचे मोजे विणून दिले होते, जाड, तर नेऊ दिले नाहीत, वजन होतं म्हणून. रेडिओवर सांगतात, तिथं वर भयंकर थंडी असते, सगळं गोठतं. महिना झाला, रात्री डोळा लागला की मला तेच दिसतं. त्यांना थंडी तर वाजली नाही ना?"

दाराशी उभा असलेला अधिकारी आपल्या बुटांकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "थंडी अजिबात वाजली नाही त्यांना."

"खरं सांगतोस?"

"खरं सांगतो."

त्यांनी मोठा श्वास सोडला, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या मनगटावर कपाळ टेकवलं. "देवाची कृपा," म्हणाल्या. "देवाची कृपा."